सुकाणूवरचा शेंदूर

९ सप्टेंबर १९६४

डब्यातच उकळलं! धूर, आणि हात लावता येईना इतका डबा तापलेला. दोनशे ग्रॅम चिकट रेझिनमध्ये ते टणक करणारं हार्डनर दोन टक्के हवं होतं, चार पडलं. चूक माझी. कारखान्याच्या प्रयोगशाळेत रोज पोलादातला कार्बन दोन दशांश स्थळांपर्यंत काढते आणि घरी चमच्याने मापते! डबा अंगणात फेकला. माझ्या धाकट्या भावाने, पुंडलिकने, पाहिलं नाही, बरं झालं.

१२ सप्टेंबर

कारखान्यातला एक रशियन साहेब मायदेशी परतताना पुंडलिकला शिडाची छोटी बोट देऊन गेला. मरोदा तलावावर पडून आहे. सुकाणू कुजलेलं. बोटीच्या पोटातून पाण्यात उतरणारी मधली फळीही कुजलेली. जुनं सुकाणू पाणी पिऊन सहा किलो आठशे! माझं अडीचच्या आत बसायला हवं — सावरीच्या हलक्या लाकडाचा गाभा, वर रेझिनमध्ये भिजवलेलं काचेचं कापड, दोन थर.

गाभा रामाजी मिस्त्रींनी तासून दिला. "काचेचं सुकाणू! बाई, उद्या कागदाची भट्टी बनवजा." स्वतःच हसले.

माझ्या भावाला पोहता येत नाही. तसं म्हटलं तर — "बोटीत बसाचं हाय ताई, पोहाचं थोडीच हाय!"

१६ सप्टेंबर

सुकाणूवर पहिला थर चढला. कापड भिजलं की काच दिसेनाशी होते, खालचं लाकूड दिसतं. सुंदर दिसतं. काचेच्या बारीक तंतूंनी दोन्ही दंडांना खाज.

दुसरा थर उद्याच द्यायला हवा होता. पण उद्या विश्वकर्मा पूजा. आई म्हणाली, "हत्याराले हात लावू नको. तुया बापानं लावला होता."

बाबा वैनगंगेवर एका ठेकेदाराच्या पुलावर सुतार होते. त्या वर्षी पूजेच्या दिवशीही काम केलं. तेराव्या दिवशी परांचीवरून नदीत पडले. परांचीची दोरी कुजलेली होती. कारण एवढंच. मी हे आईला पुष्कळदा सांगितलं आहे.

१७ सप्टेंबर

पूजा झाली. करवत, रंधा, माझा तराजू, पुंडलिकची सायकल — सगळ्यांना तेलात कालवलेला शेंदूर. सुकाणूलाही टिळा लागला. वरच्या टोकाला, जिथे ते बोटीला अडकतं.

१८ सप्टेंबर

टिळा फडक्याने पुसला. लाल डाग राहिला. स्पिरिट संपलेलं. पॉलिश पेपरने घासायला हवं होतं, पण डब्यातलं रेझिन या उकाड्यात घट्ट होऊ लागलं होतं आणि दोनला माझी ड्यूटी. दुसरा थर चढवला.

मधली फळीही झाली. सुकाणूचं वजन दोन किलो शंभर.

२२ सप्टेंबर

लाल डागाभोवती दुधाळ कडा आली आहे. व्यास अकरा मिलिमीटर. नाण्याने ठोकून पाहिलं. इतर ठिकाणी टणक आवाज, तिथे बद्द.

थर सुटतो आहे.

२५ सप्टेंबर

दोन नमुने केले. एक कोरडा, एकाला तेल-शेंदूर. कोरड्याला पक्कड लावली तरी लाकूडच फाटलं, थर सुटला नाही. दुसऱ्याचा नखाने निघाला. केळीच्या सालीसारखा.

सुकाणूवरचा डाग आज चौतीस.

भर वाऱ्यात सगळा जोर त्याच टोकावर येणार. तिथे मोडलं तर बोट आडवी फिरेल, शीड पाण्यात. तलावाच्या मध्यावर पाणी तीन पुरुष खोल आहे म्हणतात. मी हे सगळं मनातल्या मनात दिवसातून दहादा करून पाहते आणि दर वेळी बोट उलटते.

२७ सप्टेंबर

पुंडलिकने बोट पाण्यात सोडायला दोन तारीख ठरवली. वसाहतीतल्या आमच्या सगळ्या सेक्टरला सांगून आला. "शेजारची मैनाबाई तं नारळ घेऊन येऊन राहिली! टिकन ना ताई?"

"टिकेल."

का म्हटलं मी असं? नाही म्हटलं असतं तर त्याने कारण विचारलं असतं, आणि तो डाग कुणी लावला ते सांगावं लागलं असतं. म्हणून.

३० सप्टेंबर

एकेचाळीस.

१ ऑक्टोबर

बावन्न. जेवण गेलं नाही. आई सारखी माझ्याकडे बघते आहे. पुंडलिक अंगणात शिडाला इस्त्री करून राहिला होता! मला म्हणतो, "तू कावून घाबरून राहिली? बनवलं तं तूच हाय."

२ ऑक्टोबर

सकाळी तो आंघोळीला गेला तेव्हा सुकाणू पायरीवर ठेवलं आणि करवत घातली. डागाच्या मधोमध. शेवटचं बोटभर तर कापावंच लागलं नाही, आपोआप उकललं. दोन थरांच्या मधे पोस्टकार्ड सरकलं. आत शेंदूर ओलाच होता.

पुंडलिक ओल्या अंगाने धावत आला. आधी ओरडला, "ताई! पागल झाली का?" मग कापलेलं टोक हातात घेतलं. बोटांनी थर उचलून पाहिला. ओठ पांढरे पडले.

मग आईवर फिरला. "तुया शेंदरानं मले आज बुडवलं असतं माय! देव देव करून जीव घेशीन का?"

आई भांडी घासत होती. वर पाहिलं नाही. पाणी ओतलं, पुढचं भांडं घेतलं. मी म्हटलं, "जाऊ दे आता." एवढंच म्हटलं.

मैनाबाई नारळ परत घेऊन गेल्या.

३ ऑक्टोबर

तो आईशी बोलत नाही. डबा न घेता ड्यूटीवर गेला.

४ ऑक्टोबर

आईने फक्त वाटी धरली होती. सुकाणूला शेंदूर लावणारं बोट माझं होतं. पूजेनंतर बाबा पडले तो तेरावा दिवस मनात मोजला, भ्यायले आणि टिळा लावला.

पुंडलिक सहाला येईल. हे दारातच सांगणार आहे.