डावी सातवी

४ फेब्रुवारी

यादीत माझं नाव पहिलं!

फोन सुनेनं घेतला. म्हणाली, "आई, कॉलेजातून तुमच्या तोंडाला बोलावणं आलंय." टोमणा मारायला हिला मुहूर्त लागत नाही. पण बोलली ते खरंच. मला कोण विचारतंय? बोलावतात ते माझ्या तोंडालाच.

परीक्षा बावीस तारखेला. डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाची. पुस्तक घोकून भागत नाही, जिवंत माणूस तपासून दाखवावा लागतो — आणि ती जिवंत माणसं म्हणजे आम्ही. आम्हाला 'केस' म्हणतात. छातीचे वेगळे, पोटाचे वेगळे. डोक्यातून निघणाऱ्या बारा नसा, त्यातली सातवी बिघडलेली ती मी. डावी सातवी. नऊ वर्षं माझी खाट कोणाला मिळालेली नाही.

५ फेब्रुवारी

काल लिहिता लिहिता जुनं वर आलं. लिहून टाकते, म्हणजे डोक्यातून जाईल.

दहा वर्षांपूर्वी एका सकाळी चूळ भरली तर पाणी डाव्या कोपऱ्यातून अंगावर. आरशात पाहिलं — अर्धं तोंड माझं, अर्धं कोणाचं तरी. डावा डोळा मिटेना. डाव्या कपाळाला आठी पडेना. नस सुजलीय, येईल जागेवर, डॉक्टर म्हणाले. आली नाही. वर्षभर तोंडावर रुमाल धरून फिरले. दुकानदार पिशवी द्यायचा तीही खाली बघून.

मग मोठे सर भेटले. नसांचे मोठे डॉक्टर. मला चाळीस पोरांसमोर उभं केलं. "आजी, रुमाल काढा." काढला. "भुवया वर करा." केल्या — म्हणजे एकच झाली. सर पोरांना म्हणाले, "बघा, किती स्वच्छ! पुस्तकातही इतकं स्वच्छ मिळायचं नाही." चाळीस माना पुढे आल्या. एकानंही नजर खाली केली नाही.

रुमाल तिथल्याच कचऱ्याच्या डब्यात टाकला.

मी चौथी नापास. पण बारा नसा झोपेतून उठवून विचारा! पहिली वासाची. दुसरी नजरेची. तिसरी, चौथी, सहावी डोळे फिरवणाऱ्या. पाचवी चेहऱ्याला स्पर्श कळवते आणि चावायला लावते. सातवी चेहरा हलवते. आठवी कानाची आणि तोल सांभाळायची. नववी-दहावी घशाच्या. अकरावीनं खांदे उडवायचे. बारावी जिभेची. आणि कपाळ! कपाळाला आठी पडत असेल तर दुखणं वर मेंदूत, पडत नसेल तर खाली नसेत. इथे निम्मी पोरं गळपटतात. मी खाटेवर बसून बघते, मनात म्हणते, अरे कपाळ बघ, कपाळ!

तोंडानं एक अक्षर नाही काढत. केसनं बोलायचं नाही, विचारतील तेवढंच सांगायचं. आपणहून बोलली तर त्या पोराची परीक्षा रद्द आणि केसचं नाव यादीतून कायमचं बाद. नऊ वर्षांत मी कोणाला खुणेनंसुद्धा सांगितलं नाही. आहे का दुसरी कोणी अशी?

९ फेब्रुवारी

आज सुनेनं पकडलं.

मी भाजी निवडत होते, ती डावीकडून काहीतरी बोलली. मी म्हटलं, "हो हो, चालेल." ती हसत सुटली. मुलाला हाक मारून म्हणते, "ऐकलंत का? आईंनी त्यांचं लोखंडी कपाट माझ्या नावावर केलं!"

मग हसणं थांबवून म्हणाली, "आई, वर्ष झालं. तुम्ही डाव्या कानाशी फोन धरत नाही. दाखवा कोणाला तरी."

"वयाचं आहे," म्हटलं.

"वय काय एकाच बाजूनं होतं का?"

शहाणी आहे. पण तिला काय सांगू? माझ्या कार्डावर दरवर्षी लिहिलेलं असतं — डावी सातवी, बाकी सर्व ठीक. म्हणूनच मला किंमत. भेसळीची केस परीक्षेला ठेवत नाहीत, पोरं गोंधळतात. आणि यंदा सातवीचीच दुसरी बाई आलीय म्हणे, चाळिशीची. कान गेला असं कळलं की माझी खाट तिची.

मी घरी बसून काय करू? परत रुमाल धरू?

१४ फेब्रुवारी

कार्ड लिहून झालं. बाकी सर्व ठीक!

कार्ड लिहिणारा डॉक्टर कालचा पोरगा आहे. परीक्षेआधी प्रत्येक केस तपासायची, काय सापडलं ते लिहायचं, परीक्षक तेच धरून गुण देणार. त्यानं सगळं घाईघाईनं केलं. डोळ्याला कापूस लावला, डावा मिटला नाही, "सातवी, माहीत आहे," म्हणून पुढे. मग म्हणाला, "आजी, डोळे मिटा. कोणत्या कानाशी बोटं चोळतोय ते सांगा."

मी मिटले. उजवा मिटला. डावा कुठे मिटतोय! फटीतून त्याची बोटं सगळी दिसत होती. डावं, उजवं, परत डावं — एकही चुकले नाही. मग ठोकला की घुमतो तो दोन पायांचा चिमटा डाव्या कानाशी धरला. "ऐकू येतंय?" "येतंय." मनात दहा आकडे मोजले. "थांबलं." बिचारा खूश.

आपल्याच वाकड्या डोळ्यानं आपली लाज राखली. आहे की नाही!

१७ फेब्रुवारी

डोळ्यात थेंब घातले. आताशा डाव्या डोळ्यात चुरचुरत नाहीत. कंपनीनं पाणी घातलं असणार.

२२ फेब्रुवारी

सकाळी आठला पोचले. आम्ही सगळे केस एका खोलीत. चहा-बिस्किट. माझ्या शेजारी जीभवाले — रिटायर कंडक्टर, जीभ बाहेर काढली की उजवीकडे वळते. म्हणाले, "काय सातवी, अजून टवटवीत?" म्हटलं, "तुमची निदान वळते तरी. आमच्या सुनेची सरळ अंगावर येते." चहा त्यांच्या नाकातून आला.

मग पडदे, खाटा, घंटा. एका पोराला वीस मिनिटं. पहिले तीन ठीक. एकजण कपाळ विसरला, भोगेल.

चौथी आली ती थरथरी.

हे नाव मीच ठेवलंय. हात कापतात पोरीचे. दोनदा नापास, दोन्ही वेळा माझ्याच खाटेवर. गेल्या वर्षी तिच्या हातून टॉर्च माझ्या मांडीवर पडला. यंदाही आपटली तर घरचे परत नेणार, शिक्षण बंद — हे मला बसस्टॉपवर तिनंच सांगितलं होतं, मी न विचारता. तेव्हा मी तोंड फिरवलं होतं. केसनं पोरांशी बोलू नये.

आज बाकीच्यांसारखी थेट सातवीवर आली नाही. पहिलीपासून निघाली. वास, नजर, बोटाच्या मागे डोळे. हात कापत होते, पण क्रम चुकला नाही. गालाला कापूस लावला, दोन्हीकडे कळला. मग कापसाची बारीक शेंडी करून डोळ्याच्या कडेनं आणली. आणि मला म्हणाली, "आजी, कळलं का?"

मी म्हटलं, "लावलास का?"

ती थांबली. परत लावला असणार. मला काही नाही. तिची नजर माझ्या डाव्या डोळ्यावर नव्हतीच — उजव्यावर होती. मग उजव्या डोळ्याला लावला, तेव्हा उजवा फटकन मिटला.

पुढे कान. "डोळे मिटा, आजी." मिटले, म्हणजे उजवा. आणि पोरीनं काय करावं? आपला पंजा माझ्या डाव्या डोळ्यासमोर आडवा धरला! नऊ वर्षांत कोणाला सुचलं नव्हतं. "कोणत्या कानाशी?" मी उगाच म्हटलं, "डाव्या." ती हळूच म्हणाली, "आजी, मी अजून चोळलंच नाही."

परीक्षक बाहेरगावचे. त्यांच्यासमोर तिनं सगळं सांगितलं. "सर, डावी सातवी गेलीय, म्हणून डाव्या डोळ्याला कापूस लावला तर डावा मिटणार नाही. पण स्पर्श कळला तर उजवा तरी मिटायला हवा. तोही मिटला नाही. म्हणजे पाचवीही कमी झालीय. आणि डाव्या कानानं ऐकू येत नाही. तीन नसा, एकाच बाजूच्या. म्हणजे नुसती सूज नाही, आत काहीतरी दाबतंय."

त्यांनी कार्ड पाहिलं. "इथे लिहिलंय, बाकी सर्व ठीक. नसलेलं शोधून काढू नका."

"सर, परत करून दाखवू?"

"वेळ संपली."

त्यांनी कागदावर शून्य काढलं. खाटेवरून मला दिसलं. पोरगी माझ्याकडे बघत होती. मी भिंतीकडे बघितलं.

घंटा झाली.

२३ फेब्रुवारी

सुनेला हाक मारली. म्हटलं, "ये, कापूस घेऊन ये. माझ्या डाव्या डोळ्याला लाव आणि उजवा मिटतो का बघ."

"आई, आता मलाही परीक्षेला बसवणार का?"

"लाव म्हणते ना!"

तिनं लावला. मग म्हणाली, "लावून धरलाय, आई." मला कळलं नाही. उजवा मिटला नाही. सून गप्प झाली. ही गप्प झाली म्हणजे बघा.

कानाचं मला ठाऊक होतं. ते मी लपवलं. डोळ्याचं मलाही माहीत नव्हतं — ते त्या पोरीनं शोधलं. माझ्या अंगातलं, मला न कळलेलं! आणि माझ्या लबाडीनं लिहिलेल्या कार्डानं तिला शून्य मिळालं.

उद्या जाते. सून म्हणाली, "मी येते सोबत. डाव्या बाजूनं चालेन, गाडी आली तर तुम्हाला कळायची नाही."

२४ फेब्रुवारी

मोठ्या सरांच्या खोलीत गेले. बसा म्हणाले, बसले नाही.

"सर, मी खोटं बोलले. डावा कान गेलाय. कार्डवाल्या पोराला फटीतून बघून फसवलं."

सर लाल झाले. "आजी! अहो, एका मुलीचं वर्ष गेलं असतं!"

"गेलं असतं नाही, जातंय. म्हणून तर आले."

"तुमचं नाव यादीतून काढावं लागेल."

"काढा. पण आधी डोळा बघा. ते खोटं नाही."

सर उठले. कापूस घेतला. माझ्या डाव्या डोळ्याला लावला आणि सवयीनं डाव्याकडेच बघत राहिले. तो कशाला मिटतोय! मी म्हटलं, "सर, उजवा बघा."

त्यांनी परत लावला. उजवा बघितला. परत लावला. मग खुर्चीत बसले. चौथी नापास बाईनं नसांच्या मोठ्या डॉक्टरांना कुठे बघायचं ते सांगितलं. सून साक्षीला होती, बरं झालं. एरवी तिनं विश्वास ठेवला नसता.

सर म्हणाले, "डोक्याचा फोटो काढायचा. याच आठवड्यात." मग फोन उचलून बाहेरगावच्या परीक्षकांना परत बोलावलं.

नाव यादीतून गेलं. खाट त्या चाळिशीच्या बाईची. लिहिताना हात थांबला थोडा. चालायचंच.

२८ फेब्रुवारी

पास!

काल मला आणि थरथरीला परत बसवलं, परीक्षकांसमोर. त्यांनी स्वतः कापूस लावला, स्वतः माझ्या डोळ्यासमोर पंजा धरला. घसा खाकरला. तिला म्हणाले, "माझी चूक झाली." मोठ्या माणसाच्या तोंडून एवढं निघालं, पुष्कळ झालं.

आज पोरगी घरी आली. सोफ्यावर बसून रडायला लागली. म्हटलं, "रडताना दोन्ही बाजू सारख्या हलतात तुझ्या. सातवी ठणठणीत आहे, पुरे आता." रडता रडता हसली.

विचारलं, "दोन्ही डोळ्यांकडे बघायला कोणी शिकवलं गं तुला?"

"कोणी नाही, आजी. दोनदा नापास झाले ना. माझा माझ्यावर विश्वासच राहिला नाही. एकदा बघितलेलं खरं वाटत नाही, म्हणून सगळं सगळीकडून बघते."

सून आतून म्हणाली, "आणि आमच्या आई, सगळं एका फटीतून बघतात!"

मी पोरीचे हात बघत होते. कप धरला होता तोही कापत होता. असे कापरे हात, आणि कापूस कसा अलगद आणला होता! माझ्या खाटेवरून पुष्कळ पास होऊन गेले. घरी येऊन बसावी अशी ही एकच.

थरथरी म्हणायचं बंद. यापुढे डॉक्टरीण.

६ मार्च

फोटो आला. डाव्या कानामागे आत गाठ. सातव्या नसेवरच उगवलेली, पसरत शेजारच्या दोघींना दाबतेय. दिसतेय साधी, काढतील. कान वाचणार नाही.

सर म्हणाले, "आजी, ही आजची नाही. फार हळू वाढते. तुमचं तोंड वाकडं झालं ते हिच्यामुळेच. तेव्हाच शोधायला हवी होती. मी शोधली नाही."

म्हणजे नस सुजलीच नव्हती. नऊ वर्षं माझं तोंड बघून, 'नस सुजलीय' सांगून जे पास झाले, त्या सगळ्यांचं उत्तर चूक. शिकवणाऱ्या सरांचंही. बरोबर आलं ते एकटीचं — आणि तिला शून्य दिलं होतं!