कचऱ्यातली एक ओळ

३ जून, मंगळवार
आले एकदाची कोइवुसाल्मीला! गाव छोटं, तळं मोठं, आणि डास तर बघायलाच नको. नगरपालिकेचा मेल सर्व्हर आजपासून माझ्या हाती. लिनक्सचं जुनं पण गुणी मशीन आहे. कार्यालयप्रमुख वाल्पुरीने कॉफी पुढे ठेवत बजावलं, "इर्या, कचरा खुशाल गाळ. पण माझ्या बहिणीची पत्रं गाळू नकोस हं. तीही कचराच लिहिते म्हणा!" दिवसभर फिल्टरचे नियम वाचले. जाहिराती एका फोल्डरात, अर्ज-तक्रारी ज्याच्या त्याच्या टेबलाकडे. नीटनेटकं काम.

५ जून
एक नियम मात्र विचित्र. 'आत येऊ का?' एवढीच ओळ असलेली मेल कुणाला न दाखवता नष्ट करायची. माझ्या आधीच्या ताइस्तोने लिहिलेला. तो हल्ली कुठे असतो विचारलं, तर वाल्पुरीने विषय बदलला. कुणाचं पत्र न वाचता फेकणं मला पटत नाही. नियम काढला.

६ जून
सकाळीच प्रत्येकाला तसली एकेक मेल आली. शोधून पाहिलं. बाहेरून आलेलीच नाही, आमच्याच मशीनमध्ये उगवलीय. नोंदणी विभागातल्या आर्मासने उत्तर ठोकलं, "या की, कॉफी तयार आहे!" सगळे हसलो. मीसुद्धा.

९ जून
आर्मास आला, खुर्चीत बसला. बोलत नाही. पापणीही लवत नाही. दुपारी त्याच्या पत्त्यावरून सगळ्यांना मेल – 'आत येऊ का?' त्याचे हात मांडीवरच होते.
वाल्पुरी रडली. म्हणाली, ताइस्तोही असाच बसला होता. पुरता जाण्याआधी तेवढा नियम लिहून गेला.

१० जून
नियम परत घातला. उपयोग नाही. शब्द बदलून येतात – 'येऊ ना?' 'उघडतेस?' केबल उपटली, तरी येतात. वाल्पुरी म्हणाली, पळ इथून. नाही पळणार. दार मी उघडलंय. सगळ्यांना घरी पाठवलं. आर्मास तेवढा हलेना.
मग सुचलं. ताइस्तोने पत्रं नुसती नष्ट केली. नकार कुणी दिलाच नाही. प्रत्येक मेलला आपोआप उत्तर लावलं : नाही.
तासाभराने आर्मासने पाणी मागितलं!

११ जून
वाल्पुरी आर्मासला घेऊन गेली. चालत गेला तो.
आता मेल फक्त मला. शेकड्यांनी. आईच्या नावानेही – आई जाऊन सहा वर्षं झाली. 'इर्या, गारठलेय गं. येऊ?'
नाही.

दुपार. माझ्याच पत्त्यावरून आली. मी पाठवलेली नाही – 'नियम काढलास तेव्हापासून आत आहेच. बाहेर जाऊ का?'
कीबोर्डवर बोटं ऐकत नाहीत. म्हणून उत्तर इथे वहीतच –
ऐक. बाहेरही नाही. आर्मासकडे नाही, वाल्पुरीकडे नाही. राहायचं तर इथे, माझ्यात, कोंडून. नियम माझा चालेल.
हात ओढतोय, 'जा' लिहायला – लिहिणार नाही –
पुन्हा विचारतंय –
ना