मुलं आली, मुलं गेली

१ डिसेंबर

पगार झाला. घरभाडं, दूध, औषधं, वीज — सगळ्यांना आपापल्या डब्यात बसवलं. मग नाताळचा डबा वरच्या फळीवरून खाली काढला. वर्षभर टाकत आले त्यात. मध्ये दाढ ठणकत होती तरी त्याला हात लावला नाही. चांगला जड लागतोय!

हे असते तर म्हणाले असते, चला, उडवू या. उडवलेच की जन्मभर, आणि हप्ते माझ्यासाठी ठेवून गेले. ते फेडता फेडता माझी कंबर मोडली. तेव्हापासून या घरात प्रत्येक पैशाला स्वतःचा डबा आहे.

मुलगा, सून आणि नात बिट्टी. नाताळला येतात, चार दिवस. त्यासाठीच तर सगळं.

४ डिसेंबर

मी काम करते त्या दुकानात भेटवस्तू बांधायचं टेबल मांडलं. दरवर्षी ते माझ्याकडेच. दिवसभर दुसऱ्यांच्या नातवंडांच्या बाहुल्या कागदात गुंडाळते. रिबिनीचे तुकडे घरी नेते म्हणून कॅशवाली मला चिकट म्हणते. आहेच मी! आज एक गुलाबी तुकडा मिळाला, बिट्टीच्या वेणीपुरता.

७ डिसेंबर

जुनाच पण धडधाकट हीटर आणला, मुलांच्या खोलीसाठी. दुकानदाराशी एवढी घासाघीस केली की शेवटी त्यानेच हात जोडले. गेल्या वर्षी बिट्टीचं नाक चारही दिवस गळत होतं. लावून पाहिला. चालतोय. लगेच बंद केला — माझ्या एकटीसाठी कशाला जाळायचा?

१२ डिसेंबर

कुलूप काढलं, दिवा लावला, चहा केला. “कागद कोणता लावू?” एवढं सोडून आज कुणाशी काही बोलले नाही.

१५ डिसेंबर

मुलाचा फोन. मीच बोलत होते. बटाटे महागले, बसचं भाडं वाढलं, विजेचे दर तर विचारू नकोस. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “आई, यंदा आम्ही नाही येत. उगाच तू खर्चात पडतेस.”

मी म्हटलं, बरं. बरं! त्या वेळी माझी जीभ काय गहाण पडली होती?

१६ डिसेंबर

यामागे सूनच असणार. सकाळपासून तिच्यावर दात खातेय. गेल्या वर्षी बिट्टीच्या मागे मागे फिरून दिवे बंद करायची. मला वाटलं, चला, लागली वळणाला. आता कळतंय, मन उडालं होतं तिचं माझ्या घरावरून.

आज चार बाहुल्या वाकड्या बांधल्या. एका गिऱ्हाइकाने परत आणून दिली.

१९ डिसेंबर

दाराबाहेरचं मीटर पाहिलं. जेमतेम हलतंय. एकटं माणूस जाळून जाळून किती जाळणार!

दर नाताळला कॅलेंडरवर लिहिते — ‘मुलं आली’ आणि पुढे मीटरचा आकडा. मग ‘मुलं गेली’ आणि पुढे आकडा. मधली जास्तीची वीज नाताळच्या डब्यातून भरायची, म्हणजे महिन्याच्या डब्याला तोशीस नाही. हिशोब एवढाच. पण ती जुनी पानं मी फेकलेली नाहीत. आज सगळी काढून पलंगावर पसरली. माझं महिन्याभराचं ते चार दिवसांत जाळतात! त्यात गीझर आहे, मुलाचा तिसऱ्यांदा गरम केलेला चहा आहे, भुताच्या भीतीने बिट्टीने लावून ठेवलेला मोरीतला दिवा आहे.

यंदाचं पान कोरं. खूप एकटं वाटतंय. लिहून टाकलं एकदाचं.

२१ डिसेंबर

बिट्टीचा फोन. सुनेने लावून दिला असावा. शाळेचं सांगितलं, पडलेल्या दाताचं सांगितलं. मग म्हणाली, “आजी, आम्ही आलो की तुझं मीटर पळतं ना?”

कुणी सांगितलं, म्हटलं. तर मागच्या वर्षी तिने स्वतःच वाचलं होतं कॅलेंडरवर. आईलाही नेऊन दाखवलं होतं. मी विचारलं, आई काय म्हणाली?

“काही नाही. म्हणाली, आजीकडे दिवे बंद करत जायचे.”

अगं बाई! म्हणून फिरत होती ती दिव्यांमागे! वर्षभर मनात ठेवलं सुनेने, एका शब्दाने बोलली नाही. आणि मी इथे बसून तिलाच नावं ठेवतेय.

२२ डिसेंबर

सगळं नीट सांगायचं ठरवून फोन केला. सुनेने उचलला. आणि माझ्या तोंडून काय निघावं? “तुमच्याकडे अंडी कशी आहेत गं?” तिने बिचारीने भाव सांगितला. मी म्हटलं, महाग आहेत. ठेवला फोन.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. माझी मेल्यावरही मागे राहील, भाव विचारत.

२३ डिसेंबर

डबा पलंगावर उलटा केला. मुलाकडे जायचं बसचं तिकीट काढलं. या दिवसांत भाडं दुप्पट! खिडकीतल्या माणसाला म्हटलं, लुटा. आणि मोजून दिले. मोठा केक घेतला. बिट्टीसाठी बाहुली घेतली आणि स्वतःच बांधली, अख्खी नवी रिबीन लावून, तीही विकत घेऊन. कॅशवालीने पावती दोनदा वाचली.

२४ डिसेंबर

बसमध्ये लिहितेय, अक्षर नाचतंय. कळवलं नाही. नको म्हणाले असते तर? सुनेला सांगायचं ते मनाशी घोकतेय — आकडे खर्चासाठी लिहिले, पण पानं जपली ती खर्चासाठी नव्हे गं.

संध्याकाळ. दार सुनेनेच उघडलं. घोकलेलं सगळं विसरले. एवढंच म्हणता आलं, “मला तुमच्याशिवाय करमत नाही.”

तिने माझ्या हातातली पिशवी घेतली. म्हणाली, “आधी आत या, आई. गार वारा येतोय.” तिच्या मनात काय आहे, देव जाणे. मला दिलेल्या खोलीत हीटर मात्र तिने लावलाय.

२५ डिसेंबर

सकाळी दाराच्या मागे खडूने लिहिलेलं — ‘आजी आली’, आणि पुढे मीटरचा आकडा. बिट्टीचं अक्षर! स्टुलावर चढून बघून आली होती म्हणे.

मला विचारते, “आजी, ‘आजी गेली’ कधी लिहायचं?”

मी काही बोलायच्या आत सुनेने तिच्या हातातून खडू काढून घेतला.