सात वर्षांच्या मुलीच्या ओळखपत्रावरची सदुसष्ट वर्षे

दिनांक : सोमवार, सकाळ

प्रति,
मा. नोंदणी अधिकारी,
ओळखपत्र विभाग, नागरिक नोंदणी कार्यालय

विषय : मुलीचे जन्मवर्ष पूर्ववत करून मिळण्याबाबत.
संदर्भ : माझे यापूर्वीचे दोन अर्ज (पोच आहे, लेखी उत्तर नाही).

महोदय,

१. माझी मुलगी सात वर्षांची असून पहिलीत शिकते. तिला अकाली वार्धक्याचा आजार आहे. प्रत्येकाच्या पेशींतला जनुकांचा धागा रोज कुठे ना कुठे तुटतो आणि शरीर तो गुपचूप सांधून टाकते. तिच्या शरीरात ही दुरुस्ती नीट होत नाही. केस गेले, कातडी सुरकुतली. तपासणी अहवाल व जन्मदाखला सोबत जोडले आहेत.

२. गेल्या महिन्यात फोटो बदलायला आलो, तेव्हा चेहरा व वय जुळत नसल्याचे यंत्राने तीनदा दाखवले. आपल्या लिपिकांनी "आजींना उभं काय ठेवलंत?" म्हणत खुर्ची दिली. मुलगी म्हणाली, "काका, माझे पाय पोचत नाहीयेत." ते हसले. मी झेरॉक्स काढायला गेले तेवढ्यात, टायपिंगची चूक समजून त्यांनी जन्मवर्ष साठ वर्षे मागे नेले. यंत्राने लगेच मान्य केले. माणूस भला आहे, तक्रार त्यांच्याविरुद्ध नाही.

३. आता रुग्णालयाचा बालविभाग सदुसष्ट वर्षांच्या बाईला मुलांच्या कॅप्सूल देत नाही. वृद्धांच्या विभागात त्या नाहीतच. तिथे गुडघ्यांचे व्यायाम शिकवले. कॅप्सूलने आजार बरा होत नाही, पण झीज हळू होते. रोज दोन लागतात. अकरा उरल्या आहेत. म्हणजे शनिवार सकाळपर्यंत.

४. तोंडी सांगण्यात आले की, नोंदीप्रमाणे ती सज्ञान असल्याने आईची सही चालणार नाही, तिने स्वतः प्रतिज्ञापत्र द्यावे. नोंदीप्रमाणे ती माझ्यापेक्षा अडतीस वर्षांनी मोठीही आहे, हे आपल्या नजरेस आणते. सही तिला येते, पण शेवटी ती ससा काढते. तो चालणार असेल तर आजच घेऊन येते.

५. आणखी एक. नव्या ओळखपत्रावर 'मुदत : आजीव' असे छापले आहे. मुलांच्या ओळखपत्राला पाच वर्षांची मुदत असते, असे आपल्या फलकावर वाचले. तरी 'आजीव' काढून पाच वर्षांनंतरची तारीख घालावी. डॉक्टर तारखेचे नाव काढत नाहीत. आपण तेवढी छापा. त्या दिवशी नव्या फोटोसाठी मी तिला घेऊन येईन, रांग कितीही असो.

शनिवारच्या आत उत्तराची वाट पाहणारी,

(सही)
मुलीची आई