लाल कुणाच्या नावानं

४ नोव्हेंबर, मोलगी

पळून आला, पळून आला! दानियलदादाला दुसरं काही सुचतच नाही. नववीत शाळा सोडली तेव्हा पळाला, सुरतेला मोबाईल दुरुस्ती शिकायला गेलो तेव्हा पळाला, आता इथं आलो तरी पळालाच. तू बस भाताच्या बांधावर आणि दे उपदेश. एस्तेरला सिकलसेल आहे. नंदुरबारच्या दवाखान्यात रक्त फुकट चढवतात, पण जीप, बस, बाहेरची औषधं, आईची बुडलेली मजुरी, हे कोण फुकट देतं? बहीण काय माझ्या एकट्याची आहे?

जाऊ दे. आज मी खुशीत आहे. अक्कलकुव्याहून जीपच्या टपावर बसून आलो, घाटात वारा असा की कान गारठले. आमचं नवापूर नंदुरबार जिल्ह्याच्या त्या टोकाला, हे या टोकाला. सगळीकडे डोंगर. इंद्रसिंगभाऊचं दुकान म्हणजे पत्र्याची एक खोली. सुरतेला आम्ही एका टेबलावर काम करायचो. बाप वारल्यावर तो गावी आला. भंगारातून जुने टीव्ही गेम पोत्यानं आणतो, लहानपणी जत्रेत पैसे देऊन खेळायचो तेच. आत नवा बोर्ड टाकायचा, नव्या टीव्हीला चालेल अशी तार काढायची, की पुण्या-नाशिकचे हौशी लोक चांगला भाव देतात. म्हणाला, बोर्डापेक्षा तुझं डोकं लवकर तापतं, ते सांभाळ, बाकी तू राजा.

मागच्या खिडकीतून मोहाचं झाड दिसतं. खाली शेंदूर लावलेले दगड, गावातल्या मेलेल्यांच्या नावांचे. जागा थंड आहे. आवडली.

७ नोव्हेंबर

लाल येत नाही.

चित्र येतं, हिरवा येतो, निळा येतो, लाल नाही. पडद्यावरचा उड्या मारणारा माणूस पाण्यात बुडून फुगल्यासारखा दिसतो. वरून आडवे पट्टे सरकतात. सोल्डरचे टाके नव्यानं मारले, तार बदलली, कपॅसिटर बदलले. एक मशीन असतं तर बोर्ड खराब म्हटलं असतं, पण सगळीच तशी. इंद्रसिंगभाऊ म्हणाला, गिऱ्हाईक बिनरंगाचं घेणार नाही, आणि मी बिनरंगाचा पगार देणार नाही. हसत म्हणाला, पण म्हणाला.

एस्तेरची रक्त चढवायची तारीख जवळ आली आहे. पैसे न पाठवता फोन कोणत्या तोंडानं करू?

९ नोव्हेंबर

सापडलं. दोष अर्थिंगचा. दुकानामागे सगळा मुरूम, सळई ठोकली तरी कोरडीच. ओली जमीन हवी. ओली जमीन एकच, त्या दगडांच्या बुडाशी. इथं कुणी दारू प्यायला बसला की पहिली धार मेलेल्यांना जमिनीवर सांडतो. वर्षानुवर्षं सांडून माती मऊ झालेली. हातभर सळई लोण्यात गेल्यासारखी गेली.

शेजारची भिकुबाई काठी टेकत आली. वाटलं आता शिव्या खातो. ती म्हणाली, लोखंड रोवलंस तर रोवलंस, पण इथं काही घेताना-ठेवताना कुणाच्या नावानं ते सांगावं लागतं, नाहीतर मेलेले आपलं आपण ठरवतात. मी चर्चला जाणारा, मला कसली भीती? तरी म्हातारीचं मन राखायला मोठ्यानं म्हटलं, एस्तेरच्या नावानं. खोटं काय त्यात? कमाई तिच्यासाठीच आहे.

भिकुबाईनं विचारलं, जिवंत आहे का ती? हो म्हटलं. ती काठी टेकत निघून गेली.

तार जोडली. लाल आला! असा लाल मी सुरतेच्या शोरूममध्येही पाहिला नाही.

१२ नोव्हेंबर

अकरा मशीनं गेली. जीपवाला भटू शहाद्याकडचा, त्याची जीभ कात्रीसारखी. खोकी चढवताना म्हणतो, काय रे भाऊ, खोकामा दगडं भरेल शेतस का? खरंच जड लागत होती. उचलताना मलाही जाणवलं.

आईला पैसे पाठवले. एस्तेरला काल रक्त चढवलं.

१५ नोव्हेंबर

शाळेच्या वरच्या खडकावर चढलं की फोन लागतो. आई रडत होती. रक्त चढवून चार दिवस नाही झाले आणि एस्तेरची नखं पुन्हा पांढरी. डॉक्टर विचारतात, कुठून रक्त जातंय का? कुठूनच नाही.

दुकानात आलो. टेबलावरचं मशीन चालू होतं. लाल जास्त झालाय. कमी करायचा स्क्रू फिरवला, कमी होत नाही. पडद्याच्या खालच्या काठाशी तो साचतो, ओला असल्यासारखा. बोट लावलं. काच कोरडी. पण कोमट.

१६ नोव्हेंबर, रविवार

मनात आलं ते लिहायला नको वाटतं. तरी —

तार तोडली. लाल तसाच. वायर प्लगमधून काढली. हिरवा गेला, निळा गेला, लाल राहिला. सळई उपटायला गेलो, हलली नाही. लोण्यात गेलेली सळई. दोन्ही पाय दगडाला लावून ओढली. हाताची सालं निघाली.

दुकानात उरलेली सगळी मशीनं पोत्यात बांधली. म्हटलं, आज काही चालू नाही, आज तिला बरं वाटेल. संध्याकाळी फोन केला. आई म्हणाली, आज सगळ्यात वाईट. उठून बसवत नाही.

खडकावरून उतरताना डोक्यात आलं. आज रविवार. पुण्याला, नाशिकला पोरं घरी आहेत, अकराही मशीनं चालू असतील.

मीच पॅकिंग केलं होतं.

१७ नोव्हेंबर

इंद्रसिंगभाऊला पाय धरून सांगितलं, अकरा मशीनं परत मागव. तो म्हणाला, लोक फोन करून रंगाची तारीफ करतात आणि तू परत मागवतोस? थोडी झोप घे. भंगारातली आणखी वीस मशीनं आणायला तो घाटाखाली गेला.

पोतं उघडून एक मशीन टीव्हीला लावलं. पडद्यावरचा माणूस उड्या मारत नाही. खाली बसलाय. गुडघे पोटाशी घेऊन, डोकं एका बाजूला. सांधे दुखतात तेव्हा एस्तेर तशीच बसते.

बटण दाबलं की तो थोडा सरकतो. दुखऱ्या पायानं.

मी बटण सोडलं. तो सरकतच राहिला. दुसरं कुणीतरी दाबतंय.

१८ नोव्हेंबर

आईचा निरोप. एस्तेरला पुन्हा नंदुरबारला नेलं. रक्त चढतं, राहत नाही.

भिकुबाईकडे गेलो. पाया पडलो. म्हणाली, पोऱ्या, दिलेलं नाव परत मिळत नाही. त्याच जागी दुसरं नाव देता येतं. जिवंत माणसाचं. आणि तोंडानं सांगून भागणार नाही, सळईला हात लावून सांगावं लागतं.

मी विचारलं, कुणाचं देऊ?

तिनं माझ्यापुढे भाकरी केली. खाऊन घे म्हणाली.

१९ नोव्हेंबर

दिलं.

सळई गरम होती — हाताला अजून वास —

सोललेल्या हातातून रक्त यायचं थांबलं. जखम उघडी आहे. आत पांढरं.

फोन लागला. एस्तेर स्वतः बोलली. म्हणाली दादा भाकरी खाल्ली, ठेच्यासोबत. म्हणाली तुझा आवाज लांबून का येतो.

२०

पडद्यावर कुणीतरी उभं आहे. माझ्यासारखं, एक खांदा वर. उड्या मारतं. दम लागतो — मला —

भटूनं मला ओळखलं नाही. मग हात लावला आणि मागे सरकला. म्हणे, भाऊ तू तं बरफ शे. त्याच्याकडे पैसे देतोय. इंद्रसिंगभाऊ वीस मशीनं घेऊन आला, टाके मारतोय, लाल मस्त आला म्हणून ओरडला आत्ता —

दादा, मी पळालो नाही. हे आईला सांग. परवा रविवार नाही ना? वार आठवत —

एस्तेरच्या औषधाला, आईच्या बसला. अकरा मशीनचे उरलेले सगळे. पाठवतोय रुपये पाच हजार पाच—