परडी

केनवड, ता. ११ डिसेंबर १९७५

चिरंजीव देवमन यास सोजरताईचा आशीर्वाद.

पत्र लिहिण्यास कारण की बरेच दिवसांत तुझं पत्र नाही. इकडे सगळं ठीक. कपाशीचा दुसरा वेचा झाला, तुरीच्या शेंगा भरल्या. माझा गुडघा थंडीने कुरकुरतो, पण तो तर लग्नापासून कुरकुरतोच आहे.

तुझी भागिरथा बाळंत झाली, मुलगा झाला, हे कळलं. माझा जगदेव बारशाला कारंज्याला जाऊन आला तेव्हा मला म्हणाला, घाईत गेलो, तुला सांगायचं राहिलं. बाळ कसं दिसतं विचारलं तर म्हणाला, बाळासारखं. देवमन, मी त्या लेकराच्या बापाची आई आणि त्याच्या आईची आत्या. दोन्हीकडून माझा हक्क, आणि बारशाचं बोलावणं मात्र माझ्यापर्यंत पोचलं नाही. टपालात हरवलं असेल, असं मी धरून चालते.

आता कामाचं. हसू नको. मी घरात देवीचं ठाणं मांडते आहे. गेल्या मंगळवारी माहूरची रेणुका माझ्या स्वप्नात आली आणि म्हणाली, मला जागा दे. तू दर वर्षी माहूरला जातोस, तुला तरी हे नव्याने सांगायला नको. चतुराबाई म्हणून एक म्हातारी भगतीण शेजारच्या गावात आहे, तीस वर्षं तिच्या अंगात येतं. तिला मी गुरू केलं. सामान काय काय लागतं ते तिने सांगितलं, आणि सामान निवडणं हे बैल निवडण्यापेक्षा अवघड काम आहे हे मला आता कळलं.

देवीचा तांदळा म्हणजे शेंदूर लावायचा दगड, तो ओढ्यावरून आणला. पाच दगड उचलून पाहिले. एक फार गुळगुळीत, त्याच्यावर शेंदूर बसेना. एकाला नाक होतं, माझ्या सासूसारखं, तो तिथंच ठेवला. शेवटी मुठीत मावेल एवढा घेतला. मोरपिसं शेतात वेचली. त्रिशूळ लोहाराने मोठा दाखवला होता, पण चतुराबाई म्हणाली, "लहानच घे वं. अंगात आल्यावर घुमतानी मोठा आपल्याच टाळक्यात बसते." तीस वर्षांचा अनुभव आहे, म्हणून ऐकलं. परडी मात्र बुरडाकडून नवी विणून घेतली. तेवढीच एक वस्तू नवी चालते, कारण ती मागण्यासाठी असते आणि मागणाऱ्याचं भांडं स्वच्छ असावं.

राहिली कवड्यांची माळ. ती इथं मिळत नाही. कारंज्याच्या बाजारात जुनी मिळेल. पांढरी चकचकीत आणू नको. चतुराबाईचं म्हणणं, "नव्या कवड्याले कोनी भेत नाही. पिवळ्या पडेल पाह्य." तर पिवळ्या पडलेल्या, कडा झिजलेल्या, एकवीस कवड्यांची माळ पाहून पाठव. थोडा ऊदही पाठव.

एवढं केलंस तर देवी तुझ्या नातवाचं भलं करील. त्याला एकदा ठाण्यावर आण. देवीपुढे यायला कोणाचीच हरकत नसावी.

तुझी,
सोजरताई


केनवड, ता. ८ जानेवारी १९७६

चि. देवमनास आशीर्वाद.

माळ पोचली, ऊद पोचला, आणि तुझं पत्रही पोचलं. सहा महिन्यांनी तुझं अक्षर पाहिलं. मंगळवारी तेरा तारखेला भागिरथेला आणि बाळाला घेऊन येतोस, नारळ आणि खण आणतोस, "देवीच्या पायावर बाळाला घालतो", असं लिहिलंस. ते पत्र मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही. मग मला रडू आलं, कारण त्यात "देवी" चार वेळा होतं आणि "ताई" एकदाही नव्हतं.

आता मी लिहिते ते शेवटपर्यंत वाच. मधेच घडी घालू नको.

श्रावणात शेजारच्या रंगूबाईचा दहा महिन्यांचा मुलगा गेला, हे तुला माहीत आहे. तुला काय काय सांगितलं असेल तेही मला माहीत आहे. खरं एवढंच, की मी त्याला तिच्या ओट्यावरून उचललं, गोड आहे म्हटलं आणि बोटावर गुळाचा खडा चाटवला. त्या संध्याकाळी त्याला ताप भरला, तिसऱ्या दिवशी तो गेला. तेराव्याच्या आधी गावात झालं, की सोजरने लेकरू खाल्लं. चक्कीवर मी गेले की बाया आपले डबे उचलून बाजूला घेत. पोरांना आत ओढत. आणि भागिरथा सातव्या महिन्यात तुझ्याकडे यायला निघाली तेव्हा माझ्या समोरून जाताना तिने पोटावर पदर ओढला. मी हातात शिदोरी घेऊन उभी होते. ती शिदोरी तिने गाडीत बसायच्या आधी जगदेवच्या हाताने परत पाठवली. माझ्या भावाच्या लेकीने, जिला मी न्हाऊ घातलं आहे. तिचा राग नाही. पोटात लेकरू असलं की बाई भिते. पण मला फार लागलं, देवमन.

त्यानंतर मी विचार केला. एका बाईला लोक करणीवाली म्हणतात आणि तिच्या दारावर दगड येतात. दुसऱ्या बाईच्या अंगात येतं आणि तिच्या पाया पडतात. दोघींच्या घरात सामान तेच, लिंबू, राख, मोरपिसं, शेंदूर. मग मी दुसरी का होऊ नये? चार महिन्यांच्या वाळीत एवढं तर कोणालाही सुचेल. स्वप्न वगैरे काही पडलं नाही. ते मी तुझ्यासाठी रचलं. नातू मांडीवर घ्यायचा होता, आणि आजी म्हणून तुम्ही तो देणार नव्हता.

ठाणं मांडलं आणि ते लागूही पडलं. चतुराबाईने मला पाच घरी परडी फिरवायला लावली. देवीची परडी दारात आली की तिला रिकामी पाठवत नाहीत, हे तुला ठाऊक आहे. पाच घरं मी निवडायची होती. पहिलं घर मी रंगूबाईचं निवडलं. का निवडलं ते लिहायला लाज वाटते. तिने मला पीठ घालावं आणि गावाने ते पाहावं, एवढाच माझा हेतू. जिरवायचीच होती म्हण ना.

ती बाहेर आली. पीठ घालताना अर्धं उंबऱ्यावर सांडलं. मग ती माझ्या पायावर पडली आणि उठेचना. म्हणाली, "माय, लोकाईनं तुझं नाव घेतलं, मी बी घेतलं, मले माफ कर. पन आता तुले दिसते. माह्या लेकराले कोनं खाल्लं ते सांग. मले झोप नाही लागत."

मी परडी घेऊन उभी. इतकं सामान निवडलं, पारखलं, पण हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, की देवी अंगात आली म्हणजे तिने नाव सांगावं लागतं.

चतुराबाईला विचारलं तर ती सुपारी कातरत म्हणाली, "सुपात दाने टाकाचे आन् नाव घ्याचं. त्याच्यात काय हाय? एकटी बाई पाहाची, जिच्या मांगं कोनी नाही. तुह्यावरचं बी उतरते, तिचं बी समाधान होते." मी विचारलं, तुम्ही किती नावं घेतली? ती म्हणाली, "आता ते काहून इचारतं?" आणि कातरत राहिली.

गावात अशी एकटी एकच आहे. लखमा. गावाच्या कडेला राहते, सरपण विकते, नवरा नाही, मूल नाही. गाव आताच तिच्याकडे पाहायला लागलं आहे. मी अजून तोंडही उघडलं नाही तरी. काल ती माझ्याकडे आली, ठाण्यापुढे मोळी टाकली आणि म्हणाली, "देवीसाठी आनली, पैसे नोको." तिलाही कळलं आहे, देवमन. ती मला लाकडं देऊन जीव मागत होती. मी कशी दिसत असेन तिला?

मंगळवारी संध्याकाळी सगळे नाव ऐकायला माझ्या अंगणात जमणार. त्याच दिवशी तू येतोस. तुला वाटेल देवीचा योग आहे.

तर ऐक. मंगळवारी मी सुपात दाणे टाकीन आणि मोठ्याने सांगीन, की लेकराला कोणी खाल्लं नाही, ताप आला आणि तो गेला. रिसोडला डॉक्टरकडे न्यायला हवं होतं आणि कोणी नेलं नाही, मीही सुचवलं नाही, माझ्याही घरात त्या दिवशी निंदणीचा गोंधळ होता. माझ्या अंगात काही येत नाही हेही सांगीन, नाहीतर उद्या दुसरी कोणी दाणे टाकील. रंगूबाई कदाचित मला मारायला धावेल. गाव पुन्हा मला तेच म्हणेल, आणि आता पुरावा म्हणून एकवीस कवड्याही आहेत. जगदेव म्हणतो, "आई, तुले काय पडलं? घे नाव अन् मोकळी हो." तो वाईट नाही, घाबरलेला आहे. तुझा जावई आहे, त्याला जरा धीर दे.

म्हणून मंगळवारी येऊ नको. देवीच्या पायावर घालायला माझा नातू आणू नको, ते पाय माझेच आहेत आणि त्यांना भेगा पडल्या आहेत. बुधवारी संक्रांत आहे. मंगळवारी काय झालं ते पहाटेच्या गाडीबरोबर कारंज्यापर्यंत पोचेल. ते ऐकून, सगळं ऐकून, भागिरथेला विचार. तिचं मन असेल तर बुधवारी या. नारळ नको, खण नको. नाही आलात तर मी समजेन आणि तुझ्याशी भांडणार नाही.

बाळाचं नाव मात्र एका ओळीत कळव. मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

जिच्या अंगात कोणी येत नाही अशी,
तुझी ताई
सोजर