उजवं चाक

प्रिय बारक्या,

हे पत्र तू शेवटपर्यंत वाचायचं आहेस. फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तर ‘बरं आहे ताई, कामात आहे’ म्हणून ठेवून देतोस, म्हणून कागद घेऊन बसले. मला लिहायचा किती कंटाळा आहे ते तुला ठाऊक आहे. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान असून शाळेतले माझे निबंध तूच लिहून द्यायचास. पहिला कागद ग्रीसच्या बोटांनी काळा झाला, हा दुसरा. डोकं तापलेलं आहे, तेव्हा काही वेडंवाकडं लिहिलं गेलं तर गप्प बसून वाच. गप्प बसणं तुला छान जमतं, ते पुढे येईलच.

झालं असं, की आपल्या गल्लीतल्या बेकरीवाल्या काकूंना जुनी पिकअप घ्यायची होती. पाव पोचवणारा माणूस आज येतो, उद्या गायब होतो, म्हणून या वयात त्या स्वतः गाडी शिकल्या. परवा सकाळी मला घेऊन एजंटच्या शेडमध्ये गेल्या. मी त्या माणसाला आदल्या दिवशीच बजावलं होतं, की मी येईपर्यंत इंजिन सुरू करायचं नाही. थंड इंजिन खरं बोलतं, गरम केलेलं नाही. जाऊन बॉनेटवर हात ठेवला तर चांगलं कोमट. म्हणे, उन्हाने तापलं असेल. वर पत्र्याचं छप्पर, बाहेर ढग, आणि हा मला ऊन दाखवतोय. वीस वर्षं गॅरेज चालवते मी, आणि तरी प्रत्येक जण मला शेंडी लावायला बघतो.

मग मीही हट्टाला पेटले. काकूंना स्टूल दिलं आणि सांगितलं, आता दुपारपर्यंत आपण इथेच. इंजिन निवेपर्यंत बाकीची गाडी बघून घेतली. निळा रंग नवाकोरा होता, पण दारांच्या कडेला आतून जुना पांढरा डोकावत होता. पायाखाली नवी मॅट. उचलली तर खाली गंज. मागचे स्प्रिंगचे पाटे माल लादून लादून बसलेले. सीटबेल्ट ओढला तर बाहेर आला आणि परत आत जाईना, नुसता लोंबत राहिला. बेल्ट असा मेला, की समजायचं गाडी कुठेतरी जोरात आदळली आहे आणि तेव्हा आत माणूस होता. एजंट म्हणाला, मॅडम, गाडीला खरचटलंसुद्धा नाही. मी सरळ गाडीखाली शिरले.

उजवीकडे पुढे चॅसिसला वेल्डिंग होतं, वरून काळा रंग फासलेला. चाकाच्या वरच्या पत्र्याला आतून टायर घासल्याचा खोल ओरखडा. आणि चाकाला खालून धरून ठेवणारा बॉल जॉइंट उजवीकडे नवा, डावीकडे जुनाच. म्हणजे चालत्या गाडीचं उजवं चाक निखळून बाहेर फाकलं होतं. चालवणारा कोण असेल बिचारा, असं माझ्या मनात आलं. खरंच आलं. वर काकूंना ओरडून सांगितलं, ही गाडी घ्यायची नाही. त्यांचं तोंड एवढंसं झालं, पण नंतर त्यांनी माझा हात धरला.

निघायचं म्हणून टॉर्च घ्यायला केबिनमध्ये वाकले, आणि समोरचा कप्पा दिसला. त्याचं झाकण मिटत नव्हतं म्हणून कुणीतरी त्याला लाकडाची खिटी बसवली होती. एका स्क्रूवर फिरणारी, कोपरे घासून गोल केलेले, मध्ये अंगठ्यासाठी खोलगट जागा. बारक्या, माझ्या स्वयंपाकघरातल्या बारा कपाटांना तशा बारा खिट्या आहेत. तूच बसवल्यास. नंबरावरून आधीच ओळखायला हवी होती म्हणशील, पण मला गाड्या नंबराने आठवत नाहीत, दुखण्याने आठवतात. आणि तुझ्या गाडीला काही दुखणं नाही असं मीच सांगितलं होतं.

एजंटला खडसावलं तेव्हा तो पोपटासारखा बोलायला लागला. गाडी एका सुताराची होती. उतारावर चाक निघालं, गाडी भिंतीवर गेली, खांद्याचा चुरा झाला. मोडकी गाडी यानेच दुरुस्तीवाल्याकडून उचलली, म्हणून त्याला सगळं ठाऊक. दुरुस्तीवाल्याने त्या सुताराला विचारलं होतं म्हणे, की घेताना ही गाडी कोणा गाढवाला दाखवली होतीस? तर सुतार म्हणाला, “कुणालाच नाही. मीच डोळे झाकून घेतली.”

इतका राग आला मला तुझा. अजून आहे. मला सांगितलंस, मायलेज देत नव्हती म्हणून विकली. खांद्याबद्दल सांगितलंस, जिन्यावरून पडलो. मावशीकडे डाव्या हाताने जेवत होतास तेव्हा मी सगळ्यांसमोर तुझी नक्कल केली आणि तू हसलास. आणि दोन वर्षं मी जिथे तिथे सांगत सुटले, की आमच्या बारक्याला पाच महिनेसुद्धा गाडी सांभाळता आली नाही, धंदा बंद करून नोकरीला लागला. त्यावरही तू मूग गिळून बसलास. एवढा मोठा कधी झालास रे? कोणी सांगितलं होतं तुला माझी अब्रू सांभाळायला?

आता का लिहिलं ते ऐक. त्या दिवशी, तू गाडी घेतलीस तेव्हा, ती विकणाऱ्याच्या अंगणात उजवीकडून भिंतीला चिकटवून लावलेली होती. डावं चाक मी जॅकवर उचललं, वर-खाली धरून हलवून पाहिलं, सांधा घट्ट होता. उजवीकडे जॅक लावायला जागा नव्हती. गाडी पुढे घे म्हटलं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं. पण गॅरेजमध्ये गिऱ्हाईक खोळंबलं होतं, आणि तू म्हणालास, ताई, ते पण बघ ना. मी म्हटलं, “एक बघितलं म्हणजे दुसरं बघितल्यासारखंच. घे डोळे झाकून.” माझेच शब्द तू त्या माणसाला सांगितलेस, फक्त माझं नाव गाळून. चूक माझी होती, बारक्या. तुझा खांदा माझ्यामुळे गेला, तुझं सुतारकाम माझ्यामुळे सुटलं, आणि वर टोमणेही मीच मारले. मावशीला काल सगळं सांगितलं, बाकीच्यांनाही सांगणार आहे. ती खिटी मी एजंटच्या नाकासमोर स्क्रू काढून घेऊन आले, ती टेबलावर आहे. तू रविवारी ये. उजवा हात किती वर जातो ते मला दाखव. मग डावाही दाखव. या वेळी मी दोन्ही बघणार आहे.

वाट बघत असलेली,
तुझीच गाढव ताई